हातचा एक

कागद न घेता केलेल्या गणिताला मराठीत 'तोंडी' म्हणतात. शाळेत तोंडी गणितं असायची, भाजीवाली तोंडी हिशेब करायची, आणि बेरीज दहाच्या वर गेली की वरचा एक 'हातचा' व्हायचा. तोंडाचं नाव झालं, हाताचं झालं. डोळ्यांना यात कुणी वाटा दिला नाही. आमच्या घरात मात्र हिशेब डोळ्यांनीच व्हायचा, आणि तो होताना मी शेजारी उभी राहून बघायचे.

अण्णा रेल्वेत मालबाबू होते. आधी सावद्याला, नंतर भुसावळला. सावद्याच्या धक्क्यावर दिल्लीकडे जाणाऱ्या केळीच्या वाघिणी भरत. दुपारी मी डबा घेऊन जायचे. कच्च्या केळीचा तो दमट, तुरट वास, पायाखाली चुरणारी सुकी पानं, आणि खिडकीपलीकडे दाटीवाटीने उभे राहिलेले शेतकरी नि व्यापारी. कुणीतरी वजन सांगायचं, कुणीतरी भाडं विचारायचं. अण्णा पेन खाली ठेवायचे. ही त्यांची खूण. मग त्यांची नजर समोरच्याच्या खांद्यावरून सुटायची आणि पत्र्याखालच्या लोखंडी कैचीच्या उजव्या टोकाकडे चढत जायची. काही वजा करायचं असलं की तीच नजर जिना उतरल्यासारखी डावीकडे खाली यायची, कधीकधी थेट माझ्या चपलांपर्यंत. उत्तर आलं की पापणी मिटायची, पेन उचलायचं, बिल्टीवर आकडा पडायचा. खाडाखोड नाही.

एका नव्या व्यापाऱ्याने या नजरेचा भलताच अर्थ लावला. बाबू वर बघतोय म्हणजे बाबूला काहीतरी पाहिजे. त्याने पोऱ्याला पिटाळून चहा आणि गाठीशेव मागवली. अण्णांनी चहाला हात लावला नाही, शेव मला दिली, आणि वर बघतच भाड्याचा आकडा पैशासकट सांगून टाकला. रात्री आईला हे सांगताना ते हसत होते. "आता छताकडंबी पाहू नये का मानसानं?"

छताकडे बघायची सवय मलाही लागली. वर्गात त्याबद्दल छडी बसली नाही, पण प्रत्येक मराठी मास्तरांच्या तोंडी असलेलं ते वाक्य मात्र ऐकावं लागलं: उत्तर काय वर लिहिलंय? लिहिलेलंच होतं. तसं म्हणायची हिंमत नव्हती.

वर नेमकं काय होतं ते आज सांगू शकते. वर आमची रेल्वेलाइन होती. मुंबई शून्यावर. तिथून मोजत आलं की जळगाव ४२० किलोमीटरच्या आसपास, भुसावळ ४४५ च्या आसपास, आणि नागपूर पार ८०० च्या पुढे. विजेच्या तारांच्या खांबांवर किलोमीटरचा आकडा नि खांबाचा क्रमांक रंगवलेला असतो. रेल्वेवाल्यांच्या पोरांचं पहिलं उजळणीचं पुस्तक तेच. आमचं घर रुळांच्या दक्षिणेला, तोंड उत्तरेकडे. ओट्यावर बसलं की मुंबई डाव्या हाताला, नागपूर उजव्या. लहान आकडे डावीकडून येत, मोठे उजवीकडे जात. (मुंबईकडे जाणारी गाडी 'अप', म्हणजे चढती, आणि तिचे आकडे मात्र उतरते. रेल्वेच्या भाषेत एवढं चालायचंच.) माझ्या डोक्यातले आकडे अजूनही वीसपर्यंत सरळ जातात, मग किंचित वळतात, आणि शंभराच्या पुढे यार्डात फाटावेत तसे फाटतात. हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे जरा जपून बघतात. पण १८८० मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन या गृहस्थाने ओळखीपाळखीच्यांना विचारत फिरून अशा माणसांचा छडा लावला होता. कुणाच्या आकड्यांना बारापाशी वळण, कुणाचे डोंगरासारखे चढलेले. त्याने त्यांची चित्रं काढून छापली. माझं चित्र त्यात सहज खपलं असतं.

माझी एक मैत्रीण रुळांच्या पलीकडे राहायची. तिच्या घराचं तोंड दक्षिणेला, आमच्याकडे. तिची मुंबई उजव्या हाताला. पाचवीत आमचं भांडण झालं होतं: मोठे आकडे कुणीकडे? मी छातीठोकपणे उजवीकडे हात केला, तिने तितक्याच छातीठोकपणे डावीकडे. मला वाटलं हिचं गणित कच्चं आहे. वार्षिक परीक्षेत तिला माझ्याहून अकरा मार्क जास्त पडले.

पुढे बँकेत नोकरी केली, आयुष्यभर नोटा मोजल्या, आणि निवृत्तीनंतर, निम्मं कुतूहल आणि निम्मी काळजी म्हणून, या विषयाचं हाती लागेल ते वाचलं. काळजी कसली ते पुढे येईलच. आधी कुतूहलाचं. १९९३ मध्ये पॅरिसच्या स्तानिस्लास दहान आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवलं की पडद्यावर आलेला अंक सम की विषम एवढंच बटण दाबून सांगायचं असलं, तरी लहान अंकाला डावा हात लवकर उठतो आणि मोठ्याला उजवा. अंक लहान की मोठा हे कुणी विचारलेलंच नसतं. २०१० मध्ये झुरिकला बारा पुरुषांना एक ते तीसमधले आकडे मनाला येतील तसे बोलायला सांगितलं आणि त्यांचे डोळे टिपले. पुढचा आकडा मोठा येणार असेल तर तो ओठावर येण्याआधीच नजर उजवीकडे वर सरकलेली; लहान येणार असेल तर डावीकडे खाली. म्हणजे सावद्याच्या धक्क्यावर डबा घेऊन उभी असलेली आठ वर्षांची मुलगी काही वेगळं बघत नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षी दहानच्याच गटाने याहून धीट काम केलं. माणूस डोळे डावी-उजवीकडे फिरवतो तेव्हा मेंदूच्या मागच्या-वरच्या भागात काय हलतं ते एका संगणकाला शिकवलं. मग त्याच माणसांना मनात बेरजा-वजाबाक्या करायला लावल्या, आणि नवं काही न शिकवता त्याच संगणकाला विचारलं: ही बेरीज की वजाबाकी? बेरीज त्याला उजवीकडे पाहण्यासारखी वाटली. त्याचा अंदाज छापा-काट्यापेक्षा थोडाच बरा होता, पण बरा होता खरा. मला यातलं एक आवडतं. मेंदूने गणितासाठी नवं ऑफिस उघडलं नाही, डोळ्यांच्याच ऑफिसात एक टेबल टाकून दिलं. सरकारी कामाची पद्धत ओळखीची वाटली.

मग माझ्या मैत्रिणीचं काय? अरबी लिपीत अक्षरं आणि अंक दोन्ही उजवीकडून वाचणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांमध्ये लहान अंक उजवीकडे बसलेले सापडले. म्हणजे वाचायची दिशा अंकांना ओढून नेते. यावर कुणी समाधान मानावं तोच इटलीत तीन दिवसांची कोंबडीची पिल्लं पुढे आली. पाच ठिपक्यांना सरावलेलं पिल्लू, दोन्हीकडे दोन-दोन ठिपके दाखवले तर बहुधा डावीकडे जातं, आठ-आठ दाखवले तर उजवीकडे. पिल्लाने ना बाराखडी पाहिलेली, ना रूळ. तेव्हा उपजत थोडं, शिकलेलं पुष्कळ, आणि वर घराचं तोंड कुणीकडे आहे ते. शेवटचं कलम माझं. त्याला कुठल्या प्रयोगशाळेचा शिक्का नाही.

मराठी माणसाच्या डोळ्यांची तर आणखी ओढाताण. लिहायचं २५, दोन डावीकडे. म्हणायचं पंचवीस, पाच आधी. ऐकलेला पहिला अंक उजव्या घरात टाकायचा आणि मग मागे वळून डावं घर भरायचं. बँकेत फोनवर कुणी रक्कम सांगितली की माझं पेन शंभराच्या घरानंतर हवेत थबकायचं ते याचसाठी. त्यात एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. नाव घेता घेता एक वजाबाकी. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच', 'साठ सात' अशी वाचनं दिली तेव्हा किती गदारोळ झाला. मंगला नारळीकर त्या वेळी गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरांत अडखळणाऱ्या लहान मुलांसाठी हे सोपं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटलं, आणि तरी सदुसष्ट हा शब्द सोडवेना. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "साठ सात म्हनलं का गाडी सरळ जाते. सदुसष्ट म्हनलं का शंटिंग करावं लागते. शंटिंगबी यायला पाह्यजे."

शंटिंगवरून देवळालीच्या कापरेकर मास्तरांची आठवण होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, १९०५ चा. देवळालीला शाळेत शिकवायचे, म्हणजे आमच्याच लाइनीवर. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करायचे, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येतं आणि गाडी तिथेच थांबते. १९४९ मध्ये त्यांनी हे जगापुढे ठेवलं. पण मला त्यांचे 'डेम्लो अंक' जास्त जवळचे. १, १२१, १२३२१, १२३४३२१. चढत जायचं, माथा गाठायचा, त्याच पायऱ्यांनी उतरायचं. कसाऱ्याचा घाट आकड्यांत मांडावा तसं. डेम्लो हे जी. आय. पी. रेल्वेवरच्या एका स्टेशनाचं नाव, आजची डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून मास्तरांनी आकड्यांना स्टेशनाचं नाव देऊन टाकलं. अण्णांना हे कळलं तेव्हा ते नुसते खूश झाले. आकड्याला स्टेशन असणारच, यात नवल काय, असा त्यांचा चेहरा होता.

लाइनीवरच पुढे चाळीसगाव. तिथून पाटणादेवीच्या डोंगराकडे गेलं की ज्या पाटण गावाचे अवशेष लागतात, तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. १२०७ चा शिलालेख आहे. 'लीलावती'तल्या अंकगणिताला जुने लोक पाटीगणित म्हणत. पाटी म्हणजे फळी; तिच्यावर धूळ पसरायची, बोटाने अंक लिहायचे, पुसायचे. गणिताचं नावच मुळी जागेवरून पडलेलं. अण्णांची पाटी पत्र्याखाली होती, इतकंच.

सात वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ती पाटी अर्धी पुसली गेली. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ. डावा हात-पाय लुळा पडला तो सगळ्यांना दिसला. दुसरं कळायला आम्हाला आठवडा लागला. ताटात ते अर्धी भाकरी ठेवायचे, नेमकी डावी अर्धी, आणि पोट भरलं नाही म्हणून कुरकुरायचे. शेवभाजीची वाटी डावीकडे ठेवली की ती त्यांच्या लेखी वाढलेलीच नसायची. दाढी उजव्या गालाची. मी डावीकडून हाक मारली तर उत्तर उजव्या भिंतीला. डोळे तपासले, डोळे ठीक होते. डॉक्टर म्हणाले, त्यांना दिसतं, पण लक्ष तिकडे फिरकत नाही. त्यांच्यासाठी डावी बाजू उरलेलीच नाही.

ओट्यावर खुर्ची टाकून त्यांना बसवायचे. नागपूरकडून मालगाडी आली तर ते वाघिणी मोजू लागायचे आणि मध्येच गप्प व्हायचे, कारण इंजिन मधोमध येऊन नाहीसं झालेलं. मुंबईकडून आली तर गाडी त्यांच्यासाठी हवेतूनच निघायची. दचकायचे. जन्मभर ज्या माणसाचं शून्य मुंबईला होतं, त्याची मुंबईच गेली होती.

एकदा त्यांच्या हातात वही दिली. ३४८ खाली २७५, मी ठळक लिहून दिले होते. आठ नि पाच तेरा, तीन लिहिले. चार नि सात अकरा नि हातचा एक बारा, दोन लिहिले. मग पेन्सिल खाली ठेवली, पूर्वी पेन ठेवायचे तशीच. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेरावर दाबून धरला. "हातचा एक," म्हणाले. आणि वाट पाहत राहिले. शेकड्याचं घर त्यांच्यासाठी तिथे नव्हतंच, त्यामुळे तो एक कुठे ठेवायचा हेही त्यांना कळेना. वहीवर उत्तर २३. अंगठ्याचं नख दाबाने पांढरं पडलेलं. मी वही काढून घेतली आणि इकडेतिकडे बघत सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, तीनशे अठ्ठेचाळीस नि पावणेतीनशे किती हो?" क्षणही गेला नसेल. "सहाशे तेवीस. का वं?"

म्हणजे तोंडी खातं शाबूत होतं. पाढे तर खणखणीत. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, थेट औटकीपर्यंत. साडेतीन चोक चौदा, ठेच नाही. पाढे कानात नि जिभेवर राहतात, ते जागा बघून म्हटले जात नाहीत. शास्त्रज्ञांचंही म्हणणं साधारण असंच आहे, की गुणाकार बराचसा भाषेच्या गल्लीत मुक्कामाला असतो. मग मी आणखी एक विचारलं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं कितीतरी दिवस वाटत राहिलं. "अकरा आणि एकोणीसच्या बरोबर मध्ये कोण?" "सतरा." "दोन आणि सहाच्या?" "पाच." चेहऱ्यावर शंकेची रेघ नाही. बेरीज विचारली असती तर चुकले नसते. पण मध्य काढायचा तर रस्ता दोन्ही टोकांपर्यंत दिसावा लागतो, आणि त्यांच्या रस्त्याचं लहान आकड्यांकडचं टोक धुक्यात गेलेलं. इटलीतल्या अशाच रुग्णांनी दोन आणि सहाच्या मध्ये पाच सांगितल्याचं २००२ मध्ये छापून आलेलं आहे. मी ते नंतर वाचलं. वाचून बरं वाटलं, याचं जरा ओशाळंही वाटलं.

वाचता वाचता १९७८ सालचं मिलान हाती आलं. एडोआर्डो बिझियाक आणि क्लाउडिओ लुझाट्टी या दोघांनी अशा रुग्णांना सांगितलं, डोळ्यांपुढे आपल्या शहरातला कॅथेड्रलचा चौक आणा. चर्चकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं? त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग सांगितलं, आता चर्चच्या पायऱ्यांवर जा, चौकाकडे तोंड करा. आता त्याच गाळलेल्या इमारती भराभर निघाल्या, आणि आधी सांगितलेल्या हरवल्या. म्हणजे चौक डोक्यात सबंध होता. नजर तेवढी अर्ध्यावर फिरत होती.

ते पान मिटलं आणि मला रुळांपलीकडची मैत्रीण आठवली. पाचवीतलं भांडण. तिची मुंबई उजवीकडे.

दिवाळीनंतरची संध्याकाळ होती, थंडी नुकती पडू लागलेली. अण्णांना ओट्यावर नाही, आत पलंगावर बसवलं, खिडकी लावून घेतली. म्हटलं, "अण्णा, डोळे मिटा. आपल्या ओट्यावर उभे आहात. समोर रूळ. काय काय दिसतं?" ते उभे राहिल्यासारखे ताठ झाले. "सिग्नल. त्याच्यामागं बाभळी. मग आपला लोखंडी पूल. लांब दीपनगरच्या चिमण्या." थांबले. सगळं उजवीकडचं, पूर्वेचं. "आणखी?" "बस."

"बरं, आता पुलावरून पलीकडे जा. सावकाश. उतरा. तोंड फिरवा, आपल्या घराकडे बघा."

मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलत होती. पूल चढायला त्यांना वेळ लागला. गुडघे तेव्हाही दुखायचे. मग नजर पापणीआड उजवीकडे सरकलेली मला स्पष्ट दिसली, सावद्याच्या त्या कैचीच्या टोकाकडे जायची तशी.

"मालधक्का," ते म्हणाले. "धक्क्याचा पत्रा. पान्याची टाकी, काळी. तिच्या अंगाला पिंपळ. मारुतीचं देऊळ, त्याच्यावर लाल झेंडा. इकडं आपली गल्ली, आपलं घर, तुळस…" दोन महिन्यांत त्यांच्या तोंडून यातलं एकही नाव आलं नव्हतं. मी काही बोलले नाही. ते जरा घुटमळले, कपाळाला आठी पडली.

"आन् गल्लीच्या कोपऱ्यावरचा नळ," म्हणाले. "अजून गळून राह्यला तो. वायसर बदलला नाही का वं कोनी?"